चौथा उतारा

"हे काय जोडलंयस?" मॅडमनी विचारलं.

त्यांच्या एका हातात माझा निबंध होता. निबंधाच्या मागं टाचणी लावलेला कागद त्यांनी दोन बोटांत धरून वर केला. सगळ्या वर्गाला दिसेल असा. माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स. खाली मी नेहमीसारखं 'सत्यप्रत' लिहून सही केली होती.

मी उभी राहिले. "आधार आहे, मॅडम."

"कसला आधार?"

"तुम्ही ग्रुपवर टाकलं होतं. आधार जोडल्याशिवाय निबंध स्वीकारला जाणार नाही."

मग मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा वर्ग फुटला. बाकं वाजली. मॅडमही हसल्या. त्यांनी हसू दाबलं नाही. चष्मा काढून डोळे पुसले.

"अगं बाई, आधार म्हणजे सोर्स! चार उतारे दिलेत ना, ते. त्यांच्या आधारानं युक्तिवाद करायचा. ते जोडायचे निबंधाला."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसले नसते. चूक माझी होती आणि चूक हसण्यासारखीच होती. पण त्यांनी झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली आणि वाचायला सुरुवात केली. आधी माझं नाव. मग जरा थांबून आडनाव. मग पत्ता.

"भीमनगर," त्या म्हणाल्या. "अच्छा."

मग वर्गाकडं बघून म्हणाल्या, "बरोबर आहे हिचं. या लोकांना सगळीकडं हाच आधार लागतो."

या वेळी कमी जण हसले. ज्यांना कळलं ते हसले. ज्यांना कळलं आणि हसायचं नव्हतं ते वह्यांत बघायला लागले. माझी बोटं गार पडली. आणि मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझ्या तोंडावर हसू आलं, कारण मॅडम हसत होत्या आणि मॅडमना राग येऊ नये असं मला वाटत होतं.

निबंध माझ्या बाकावर येऊन पडला. "नीट वाचून, उतारे जोडून सोमवारी परत आण."

मी सोलापूरला रोज एसटीनं येते. मंद्रूपच्या पुढं आमचं गाव. बीएचं दुसरं वर्ष. ज्या दिवशी मॅडमनी ते चार उतारे वर्गात समजावून सांगितले, त्या दिवशी आमची एसटी विजापूर रोडवर बंद पडली आणि मी पोचले तेव्हा तास संपला होता. उताऱ्यांचे कागद रूपानं माझ्यासाठी घेऊन ठेवले. रूपा माझी मैत्रीण, विणकराच्या घरातली, घरात तेलुगू बोलते आणि माझ्याशी माझ्यापेक्षा चांगलं मराठी. तिनं कागद दिले, पण मॅडम त्या कागदांना 'आधार' म्हणतात हे सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही. कसं येईल?

माझ्या डोक्यात तरी दुसरं काय येणार होतं? शिष्यवृत्तीला आधार जोडा. बँकेत आधार जोडा. रेशनला जोडा, पासला जोडा. जोडला नाही तर फॉर्म परत, आणि मग अण्णांचा एक दिवस बुडवून परत खेटा. तो शब्द दिसला की आमच्या घरात कुणी विचार करत नाही, पाय आपोआप झेरॉक्सच्या दुकानाकडं वळतात. 'उतारा' या शब्दाचंही तसंच. आमच्याकडं उतारा म्हणजे एक तर सातबाराचा, नाहीतर तिठ्यावर कुणीतरी टाकलेला भात आणि लिंबू. जमीन नाही म्हणून पहिला घरात कधी आला नाही, आणि दुसऱ्याला ओलांडायचं नाही एवढं ठाऊक.

मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटेल पोरगी लई धीट आहे. नाही. मोठ्या आवाजात कुणी माझं नाव घेतलं की माझी बोटं गार पडतात आणि लघवीला लागते. ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिले की मला येत असलेलं मराठीही आठवत नाही. क्लार्क, मास्तर, कंडक्टर, सगळ्यांना मी भिते. कुत्र्याला भीत नाही, सापाला फारशी नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला भिते.

आणि या निबंधाला तर भ्यायलाच हवं होतं. हे अंतर्गत गुण. त्यात नापास म्हणजे विषय राहिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली कामाला जातात. जुळे सोलापुरात किती फ्लॅटांना त्यांनी गिलावा केलाय ते त्यांनाही आठवत नाही. त्यांनी मला कॉलेजात घालताना एकच अट घातली होती. "एक बी विषय राहिला तर बास. मग मला परत इच्यारायचं न्हाय." अण्णा दुष्ट नाहीत. स्टँडवर उभ्या असलेल्या पोरीबद्दल गावात काय काय बोलतात ते त्यांच्या कानावर येतं, आणि तेही भितातच. पण अट म्हणजे अट. भावाला त्यांनी एकदा नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी सोबत कामावर नेलं होतं.

तर मी निबंध परत लिहायला बसले.

विषय होता: शाळेत मुलांना शिजवलेला आहार द्यावा की कोरडा शिधा? चार उतारे वाचायचे, बाजू घ्यायची, उताऱ्यांतूनच पुरावे द्यायचे. कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतःचे अनुभव लिहू नयेत.' पहिला उतारा वर्तमानपत्रातला लेख. शिजवण्यात शिक्षकांचा वेळ जातो, धुराचा त्रास होतो, तेव्हा सरळ शिधा वाटा, असं म्हणणारा. दुसरा एका परिपत्रकातला भाग. तिसरा हजेरीचा तक्ता. चौथा एका शाळेतल्या मदतनीस बाईची मुलाखत, तिच्याच बोलीत उतरवलेली.

रूपा म्हणाली होती की मॅडमनी चौथ्या उताऱ्याबद्दल वर्गात फार काही सांगितलं नाही. "म्हणाल्या, बोलीत आहे, भावनिक आहे, त्यात मुद्दा कमी. बायकांना रोजगार मिळतो एवढं एक वाक्य घ्या आणि पुढं जा." सगळ्यांनी तेच वाक्य घेतलं होतं. मीही पहिल्या वेळी तेच घेतलं होतं.

या वेळी मी चारही उतारे सात-आठ वेळा वाचले. अभ्यासू आहे म्हणून नाही. परत काहीतरी चुकेल, परत वर्ग हसेल या भीतीनं. भ्यालेलं माणूस फार नीट वाचतं. पाटलाच्या दारी कामाचं विचारायला गेलेली माझी आजी दुरूनच ओसरीखालच्या चपलांवरून ओळखायची म्हणे, आज घरात कोण आहे आणि बोलायचं की परत फिरायचं.

तर सातव्या का आठव्या वेळी मला ते दिसलं.

दुसऱ्या उताऱ्यात, परिपत्रकात, लिहिलं होतं की स्वयंपाकी आणि मदतनीस यांनी मिळून आहार शिजवावा आणि मिळून वाढावा. चौथ्या उताऱ्यात त्या बाईला विचारलं होतं, तुमचं काम काय? ती म्हणत होती, "मी आपली भांडी घासती. पाण्याला, चुलीला, वाडायला दुसऱ्या बाई हायत्या."

पाण्याला. चुलीला. वाढायला.

माझी बोटं परत गार पडली. वर्गात पडली होती तशीच, पण या वेळी समोर कुणीच नव्हतं.

परिपत्रकाप्रमाणं दोघींनी शिजवायचं. प्रत्यक्षात एकच शिजवते. दुसरीचा हात उष्ट्या भांड्याला चालतो. भरलेल्या हंड्याला चालत नाही. पेटलेल्या चुलीला नाही, पोराच्या ताटात पडणाऱ्या अन्नाला नाही. का? मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं नव्हतं. बाईनं सांगितलं नव्हतं. मी दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून परिच्छेद लिहिला. लिहिलं की हे काम नेमकं कुठं थांबतं ते बघा. पाण्याशी, चुलीशी आणि ताटाशी येऊन थांबतं. काम जिथं थांबतं तिथून जात सुरू होते. आणि पुढं लिहिलं की कोरडा शिधा दिला की ज्याचं त्यानं घरी नेऊन शिजवायचं, मग कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्नच न सुटता झाकला जातो. म्हणूनच शिधा देऊ नये. अन्न शाळेतच शिजावं, आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या हातानंही शिजावं. पोरांनी एका रांगेत बसून ते खावं.

लिहून झाल्यावर मी तो परिच्छेद खोडला. मग परत लिहिला. स्वतःचा अनुभव त्यात एक शब्दही नव्हता. मी दोनदा तपासलं. चारही उतारे जोडले आणि सोमवारी निबंध दिला.

बुधवारी मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर माझा निबंध, त्या परिच्छेदाभोवती लाल चौकोन.

"हे कुठून आणलंस?"

"उताऱ्यांतून, मॅडम. दुसरा आणि चौथा."

"दाखव. जात हा शब्द कुठल्या उताऱ्यात आहे?"

मी कागदाकडं बघितलं. नव्हता. मला माहीत होतं नाही.

"नाही ना? मग? लिहिलेलं नाही ते तू वाचतेस. याला युक्तिवाद म्हणत नाहीत, ओढूनताणून म्हणतात. ही साधी कामाची वाटणी आहे. माझ्याकडं पण एक बाई भांड्याला येते, एक पोळ्यांना येते. त्यात कुठून आली जात?"

मॅडम, पोळ्यांची बाई आली नाही तर भांड्यांच्या बाईला कणीक मळू देता का? हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तरी बोलले नसते.

"तुम्ही लोक ना, कशातही ते आणता," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. उलट समजुतीचा होता. "हा परिच्छेद काढ आणि शुक्रवारी दे. बाकी निबंध चांगला आहे, पास करीन मी. नाही काढलास तर शून्य. आणि असलं लिहून वर्गातलं वातावरण बिघडवतेस म्हणून वर कळवावं लागलं, तर ते वेगळं."

"हो मॅडम," मी म्हणाले.

खरंच म्हणाले. हो मॅडम.

बाहेर रूपा थांबली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काढ की गं. एक परिच्छेद तर आहे. वर्ष वाचतंय." तिचं काही चुकत नव्हतं. माझं काय जातंय ते तिला चांगलं ठाऊक होतं. मी एसटीत बसले तेव्हा मनात ठरवूनच टाकलं होतं की काढायचा.

घरी पोचले तेव्हा दिवस होता अजून. आई दारात बसून हात धूत होती. राखेनं आणि घासणीनं तिची बोटं कायम भेगाळलेली, त्यांना खोबरेल लावायच्या आधी ती हात धुते. आता सांगायला हवं. माझी आई गावातल्या शाळेत मदतनीस आहे. भांडी घासते.

त्या चौथ्या उताऱ्यातली बाई माझी आई नाही. कुठल्या गावची आहे ते मला माहीत नाही. पण तुम्ही म्हणाल, म्हणून तर हिला दिसलं. म्हणूनच दिसलं. त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही.

मी आईला निबंधाचं सांगितलं. आधार कार्डाचं नाही सांगितलं, तिला वाईट वाटलं असतं. लाल चौकोनाचं सांगितलं.

आई घाबरली. लगेच तिनं विचारलं, "माजं नाव हाय का त्यात?"

"नाही."

"शाळंचं?"

"नाही गं. दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचं आहे. वाचून दाखवू?"

मी तो चौथा उतारा काढला आणि तेवढं वाक्य वाचलं. मी आपली भांडी घासती. पाण्याला, चुलीला, वाडायला दुसऱ्या बाई हायत्या.

आई हात पुसत होती ती थांबली.

"पान्याला बी न्हाय का ती?" ती म्हणाली. "मंग आपल्यातलीच हाय."

एवढंच. एकदाच ऐकून. माझी आई चौथी पण शिकलेली नाही. मॅडमना ज्या उताऱ्यात मुद्दा सापडला नाही, तो तिनं हात पुसता पुसता सांगितला. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही नीट आलं नाही.

मग मी तिला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. तुला चुलीवरून का काढलं?

"कशाला उकरालीस आता?"

"सांग की."

तिनं सांगितलं. कागदावर ती स्वयंपाकी म्हणून लागली होती. नऊ दिवस तिनं खिचडी केली. पहिल्या दिवशी चार-पाच पोरं घरून डबा घेऊन आली. मग दहा. मग निम्मी शाळा. नवव्या दिवशी मोठं पातेलं जवळपास भरलेलंच राहिलं. दहाव्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, मावशी, उद्यापासून तुमी भांड्याचं बघा. बास.

"कारण काय सांगितलं?"

"कारन?" आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून लहान पोर आहे. "कारन कुनी सांगतंय व्हय? ना कुनी बोललं, ना कुनी लिव्हलं. उंद्यापासनं भांडी. मी बी व्हय म्हनले. भ्यालेवते की. दुसरं काय म्हननार?"

मग मी तिला ते सांगितलं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तेव्हा त्याच शाळेत पाचवीत होते. डबे आणणाऱ्या पोरींच्या शेजारी बसायचे. सहाव्या-सातव्या दिवशी त्यातली एक म्हणाली, आमी न्हाय खात ते, तू खातीस व्हय? आणि आई पळी घेऊन माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ताटावर हात ठेवला. म्हणाले, मला भूक नाही. आई अर्धा क्षण थांबली आणि पुढच्या पोराकडं गेली. मला भूक होती. लई भूक होती. शाळा सुटल्यावर घरी येऊन मी शिळी भाकरी खाल्ली.

बाकीच्यांनी तिला चुलीवरून उठवलं हे खरं. पण तिच्या पोरीनं पण ताट झाकलं होतं.

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "माज्या समोरच झालं न्हवं का ते."

"तुला राग नाही आला?"

"आला की. पर तू बी भ्यालीवतीस." तिनं तेलाची बाटली उघडली. "आनि आता इच्यारतीस, काढू का म्हनून. मी काय सांगू बाय? तुजं वरीस जातंय, अन्ना ऐकनार न्हाईत. काढायचं तर काढ. मी काय म्हननार न्हाय तुला."

तिनं 'काढू नको' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग जे काही झालं असतं ते तिच्यावर ढकलता आलं असतं. तिनं ढकलायला काही ठेवलं नाही. आणि माझ्या ध्यानात आलं की हा परिच्छेद काढणं म्हणजे आईच्या पळीसमोर परत ताट झाकणं आहे. पाचवीतली पोर भ्याली म्हणून आई समजून घेते. आता मी एकोणीस वर्षांची आहे.

शुक्रवारी एसटीत मला दोनदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. तरी सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उतरले. पिशवीत दोन निबंध होते. एकात परिच्छेद होता, एकात नव्हता. नसलेला मी गुरुवारी लिहिला होता. खोटं कशाला सांगू, लिहिला होता. सुंदर अक्षरात.

स्टाफरूमच्या दारात मी दोन्ही निबंध हातात घेतले. परिच्छेद नसलेला चार घड्या करून ओढणीच्या गाठीत बांधला आणि आत जाऊन परिच्छेद असलेला पुढं केला.

मॅडमनी पानं उलटली. लाल चौकोन नवीन कागदावर नव्हता, पण परिच्छेद होता. शब्दाला शब्द.

"काढला नाहीस?"

"नाही मॅडम."

माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी परत विचारलं. "काय?"

"काढणार नाही मॅडम."

शेजारच्या टेबलावरचे दोन सर चहा पीत होते. त्यातल्या एकानं कप खाली ठेवला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "ठीक आहे. सांगितलं होतं तुला. शून्य."

"चालेल," मी म्हणाले. "पण शून्य का दिलं ते खाली लिहून द्या."

"म्हणजे?"

"कारण, मॅडम. लिहून. आणि सही."

"तू मला शिकवतेस?"

"नाही मॅडम. तुम्हीच शिकवलंय. मत दिलं की कारण द्यायचं."

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर वाटलं की संपलं आता, वर्ष पण संपलं आणि मी पण. मला खरंच वाटलं की इथंच माझी शोभा होणार, उभ्या उभ्या सलवार ओली होणार. मांड्या घट्ट आवळून मी उभी राहिले.

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. निळा ठिपका पडला. तो जरा मोठा झाला. त्या लिहीत नव्हत्या. काय लिहिणार होत्या? जात नाही तिथं जात दाखवली? मग दोन उतारे समोरच होते. चौथा उतारा वाचला म्हणून? तो त्यांनीच दिला होता. मी बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्चीतल्या माणसाच्या हाताकडं बघत होते आणि तो हात थांबला होता.

त्यांनी टोपण लावलं. "जा तू. बघते मी."

"मी थांबते मॅडम."

"जा म्हटलं ना!"

घंटा झाली. त्या पुस्तकं उचलून माझ्या बाजूनं निघून गेल्या. त्या दोन सरांपैकी एक माझ्याकडं बघत होते. रागानं की कसं ते मला कळलं नाही. मी बाहेर आले, धावत बाथरूममध्ये गेले आणि तिथं मला उलटी झाली. रूपानं पाठ धरली. ती नळाचं पाणी माझ्या मानेवर लावत राहिली.

याला तीन आठवडे झाले. अंतर्गत गुणांची यादी लागली आहे. माझ्या नंबरासमोर काही नाही. शून्य नाही, पास नाही, गैरहजर पण नाही. रिकामी जागा. खिडकीतले क्लार्क म्हणतात मॅडमना विचार. मॅडम म्हणतात बघते. मधे एकदा त्यांनी रूपाकडून निरोप पाठवला की अजूनही परिच्छेद काढून दिला तर विषय मिटवता येईल. मी ओढणीत बांधलेला निबंध त्याच दिवशी चुलीत घातला, कारण तो जवळ असता तर एखाद्या दिवशी मी तो दिला असता. मी स्वतःला ओळखते.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. आईला ठाऊक आहे. अण्णांनी रोज विचारायला सुरुवात केली आहे, निकाल कदी, निकाल कदी. या रविवारी मी त्यांना सगळं सांगणार आहे. आधार कार्डापासून. ते काय म्हणतील मला माहीत आहे आणि मला त्याचीही भीती वाटते. कदाचित मला घरी बसवतील. बसवलं तरी त्या रिकाम्या जागेचा जाब विचारायला मी कॉलेजात जाणार. विद्यार्थी म्हणून आत सोडलं नाही तर फाटकाबाहेर उभी राहीन.

भीती गेली असं मी म्हणत नाही. दर सकाळी स्टाफरूमच्या दाराशी माझी बोटं गार पडतात. मी तशाच बोटांनी दार वाजवते आणि तेच विचारते. मॅडम, माझं कारण. आईच्या बाबतीत कारण कुणी बोललं नाही, कुणी लिहिलं नाही, आणि न लिहिल्यामुळं ती आजवर भांडी घासते आहे. माझ्या बाबतीत तसं चालणार नाही. मी शून्य घ्यायला तयार आहे. पण कारण कागदावर, सहीनिशी हातात पडेपर्यंत ते शून्य मी घेणार नाही.